शरद, माझा रिपोर्ट आला

प्रिय शरद,

आज सकाळी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. अश्विनीला फोन केला, तुझ्या पुष्पाला केला. मग लक्षात आलं, ज्याला आधी सांगायचं तो राहूनच गेला. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी चार ओळी लिहिल्या नाहीत. मला पत्रं कुठे जमतात? शाळेच्या नोकरीत फक्त रजेचे अर्ज लिहिले!

आधी तुझ्या लेकीचं सांगते. अश्विनी संशोधन करते, तेही गांधीलमाश्यांवर! आपल्या ओसरीत पोळं करतात त्या नव्हेत. तिच्या माश्या तांदळाच्या कणीएवढ्या. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला बारमाही हिरवं जंगल आहे, तिथे सापडतात. जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खात वाढतात.

हे वेड तूच लावलंस. देवळीच्या वावरात बोंडअळीसाठी तू मित्रकिडीची अंडी चिकटवलेली कार्डं आणली होतीस, आठवतं? त्यातला एक तुकडा अश्विनीने काचेच्या बरणीत ठेवला आणि त्यातून धुळीसारख्या बारीक माश्या निघाल्या. आणि तू काय केलंस? शेजाऱ्याचं पाहून दुसऱ्याच दिवशी कपाशीवर फवारा मारलास! कार्डांतल्या सगळ्या माश्या मेल्या. दहा वर्षांची पोर दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. "ताई, पोरगी मले वावरात पाय ठेवू देऊन नाई राह्यली," म्हणून हसत होतास.

या दिवाळीत ती आली ती एकच धोशा घेऊन. "आत्या, बाबांना हिपॅटायटिस बी होता. तो आईकडून लेकरांना जन्मतःच होऊ शकतो. माझी न् आईची तपासणी झाली, आम्ही ठीक आहोत. तू त्यांची सख्खी बहीण. तू काऊन नाही केली?"

"मला काय धाड भरली आहे?"

"बाबाही हेच म्हणायचे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ती मागोमाग आली. "तुझा रिपोर्ट आल्याशिवाय मी जंगलात जाणार नाही. हंगाम गेला तर माझं वर्ष गेलं."

आत्यालाच धमकी! कोणावर गेली रे ही? पुष्पा म्हणते, माझ्यावर.

मी इतकी वर्षं का टाळत होते, ते तुला सांगायलाच हवं. तपासायला गेले असते तर कबूल करावं लागलं असतं की तुझ्या वेळीही एवढंच करायचं होतं. आणि मी काय केलं? तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा तुला सेलूकडच्या एका खेड्यात काविळीची माळ घालायला नेलं. मी! प्राणिशास्त्राची पदवीधर, मुलांना यकृत शिकवणारी! काड्यांची ती माळ गळ्याशी होती, आठवड्यात बेंबीपर्यंत उतरली. आपण म्हणालो, कावीळ उतरली. ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो, हे मला कळायला नको होतं? डोळे आपोआपच निवळले आणि रक्त तपासायचं तेव्हा राहूनच गेलं.

पुढे पोटात पाणी झालं तेव्हा गावाने ठरवून टाकलं की शरद चोरून पितो. मीही विचारलं, "खरं सांग, घेतोस का?" तू म्हणालास, "ताई, मी लग्नातल्या सोड्याच्या वर गेलो नाई कधी. आता तूच अशी बोलून राह्यली तं मी कोणाले सांगू?"

मग रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला, तोवर उशीर झाला होता. शरद, ते विचारल्याबद्दल मला माफ कर. तेव्हा म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

असो. शेवटी रक्ताचा नमुना देऊन आले आणि रिपोर्टची वाट पाहताना अश्विनीने मला शिकवायला घेतलं. अळीच्या अंगातही पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्या परक्या अंड्याला घेरून मारतात. पण काही माश्या अंड्याबरोबर एक विषाणू सोडतात आणि तो या पहाऱ्याला गप्प करतो. "बाबांच्या यकृतातही पहारेकरी होते, आत्या. विषाणूशी वर्षानुवर्षं लढून ते थकले. थकलेल्यांना पुन्हा उभं कसं करायचं, ते आमच्या शेजारची प्रयोगशाळा शोधते आहे."

"म्हणजे माश्यांतून औषध निघेल?"

"एवढ्यात नाही. अळी वेगळी, माणूस वेगळा. पण पहारा गप्प होतो कसा, हे आधी कळायला नको?"

नेमकं उत्तर! माझ्या वर्गात असती तर पैकीच्या पैकी दिले असते.

आणि आजचा रिपोर्ट? डॉक्टरांनी दोनदा वाचला. म्हणाले, "तुम्हाला हा संसर्ग कधीतरी होऊन गेलाय, बाई. शरीराने स्वतःच परतवला. आता रक्तात विषाणू नाही." मला कळलंसुद्धा नव्हतं!

आपण एका आईची लेकरं, एका ताटात जेवलो. माझे पहारेकरी जिंकले, तुझे का थकले? मी फोनवर अश्विनीला हेच विचारलं. ती म्हणाली, "आत्या, तेच तर कोणाला नीट माहीत नाही. शेजारच्या प्रयोगशाळेला तुझ्यासारख्यांचं रक्त हवं असतं. देशील?"

मी म्हटलं, "आधी तू जंगलात जा, मग बोलू." ती उद्याच निघते आहे. जळवांसाठी लांब मोजे घे म्हणून बजावलंय.

मला सुईची किती भीती वाटते, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तरी तुला शब्द देते, त्या लोकांना माझं रक्त जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा मी जाईन आणि एकदाही कारण सांगणार नाही.

तुझी,
ताई