ताईला आणायला गेलो तो उन्हाळा

बाबा,

तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होत आली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये. मी बोलत नाही, लिहितो आहे. नववीत शाळा सुटली तरी अक्षर मी बिघडू दिलं नाही, आणि प्रत्येक शब्द दोनदा बघून लिहायची जी सवय तुम्ही चारचौघांत हसण्यावारी न्यायचात, तीही अजून आहे. त्यामुळे खाली जे येईल ते चुकून लिहिलं गेलं, असं समजू नका.

ताईचं लग्न तुम्ही ज्या वर्षी केलंत, त्या वर्षी आपल्या भागात लग्नं जवळजवळ लागलीच नाहीत. कापूस बोंडातच सडला होता, जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं, आणि आर्णी-यवतमाळ चालणारी तुमची काळी-पिवळी जीप सकाळपासून स्टँडवर सवाऱ्यांची वाट बघत उभी राहायची. नेरच्या कुणा ओळखीच्या माणसाने राजस्थानचं स्थळ आणलं. मुलगा घरची शेती करतो, मागणं काही नाही, लग्नही तेच लावून घेतील. आपल्याकडे मुलगी देण्याआधी घर बघायला जातात. चार माणसं जातात, विहीर बघतात, गोठा बघतात, शेजाऱ्याला बाजूला घेऊन विचारतात. तुम्ही गेला नाहीत. "एवढ्या दूर कोन जाईन? मानसं चांगले हायेत," म्हणालात. यवतमाळच्या एका देवळात सकाळी लग्न लागलं आणि संध्याकाळच्या आत ती मंडळी ताईला घेऊन धामणगावच्या स्टेशनावर पोचलीही. मी तेरा वर्षांचा होतो. ती कुठे चालली, हे मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही जिल्ह्याचं नाव सांगितलंत. गावाचं नाव तुम्हाला माहीत नव्हतं. ते आम्हाला तिच्या पहिल्या पत्रावरून कळलं.

तीन वर्षं ती माहेरी आली नाही. माहेरचा मुराळी न्यायला गेल्याशिवाय सासरचे लेकीला पाठवत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगावं. दर आखाजीला, अक्षय्य तृतीया जवळ आली की, आई म्हणायची, "औंदा तरी जा न पोरीले आनाले." तुम्ही म्हणायचात, "पाहू." चौथ्या उन्हाळ्यात आईने तुमच्या ताटात भाकर टाकली आणि तिथेच उभी राहिली. "तुमी नसान जात तर सांगा. मी जातो पायी." तुम्ही हातातला घास ताटात परत ठेवलात. मग म्हणालात, "जीप घेऊन जातो. आपल्या गाडीत बसवून आनतो पोरीले, पाहत राहतीन सारे." आई त्या दिवशी किती हसली. दुसऱ्या दिवशी तिने ताईसाठी कुरडया घालायला घेतल्या.

आणि मी रस्ता लिहायला घेतला. शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून मी अंतरं मोजली आणि हायवेवरच्या चहाच्या टपरीत एका राजस्थानी ट्रकवाल्याला दाखवली. तो पोट धरून हसला. दोरा सरळ जातो, सडक घाटातून जाते, म्हणाला. मग मी रोज दुपारी तिथे जाऊन बसू लागलो. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचो: कुठून वळायचं, डिझेल कुठे, पंक्चरवाला कुठे, प्यायचं पाणी कुठे गोड आहे. अमरावती, परतवाडा, बैतूल, भोपाळ, ब्यावरा, झालावाड, कोटा, जयपूर, सीकर, चुरू. अकरा पानं झाली. कोणत्या दुपारी कुठल्या झाडाखाली थांबायचं, हेही त्यात होतं. ती वही तुम्ही स्टँडवर नेऊन सगळ्या ड्रायव्हरांना दाखवलीत. "आमच्या घरी मास्तर निंगाला बे एक! याची जीप डिझलवर नाई, वहीवर चालते." कुणीतरी ओरडलं, "मले बी लिवून दे रे बाबू, सासुरवाडीचा रस्ता भुललो मी!" तुम्ही सगळ्यात मोठ्याने हसलात. मी वही घेऊन घरी आलो आणि जिथे तुमचा तेलकट अंगठा उमटला होता ते पान फाडून पुन्हा लिहिलं.

आई घरीच राहिली, जीपमध्ये आपण दोघंच. खिडक्यांना ओलं पोतं, दोघांच्या खिशात कांदा, बंपरला पाण्याची कापडी छागल. सातपुड्याच्या घाटात इंजिन उकळलं, ते तुम्ही चांगलं सांभाळलंत, एवढं मी मान्य करतो. पण ब्यावऱ्याला मी म्हणालो, "बाबा, इथून डाव्या हाताला." तुम्ही सरळ गेलात. मी वही पुढे केली, तुम्ही हाताने बाजूला सारलीत. "सतरा वर्षं झाले मले गाडी चालवून. मले रस्ता नोको शिकवू." दोन तासांनी गुन्याची पाटी आली. तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो, तरी तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. "तोंड कायले पाडून बसला?" म्हणून. एक पूर्ण दिवस त्यात गेला. रस्त्यात कुणाला विचारायलाही तुम्ही तयार नव्हतात. तेव्हा मला वाटलं, हा तुमचा ताठा. आता वाटतं, तुम्हाला पोचायचंच नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी आपण पोचलो. सगळीकडे वाळू, काटेरी झाडं, आणि वारा असा की तोंड उघडलं तर दातांत कचकच. गावाच्या अलीकडे, एका पाण्याच्या टाक्याजवळ, तुम्ही जीप थांबवता. इंजिन बंद करता. मला म्हणता, "जाय. घेऊन ये तिले."

"तुमी?"

"मी नाई येत. लेकीच्या घरचं पानी चालत नाई आपल्यात."

"पानी नोका पिऊ. दारात तं उभे राहा."

"चालत नाई म्हटलं न एकदा!"

बाबा, असं काही आपल्यात नाही. नातवंड होईपर्यंत बाप लेकीच्या घरी जेवत नाही, एवढंच आहे. दारात जाऊ नये असं कुणाच्याही घरी नाही. मुराळ्याने तर व्याह्यासमोर बसायचं असतं, नाव घेऊन मागायचं असतं की पोरीला चार दिवस द्या. हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत आला होतात; काकांच्या लग्नाच्या वेळी तुम्ही स्वतः गेला होतात मोठ्या आत्याला आणायला, ते किती वेळा ऐकवलंत. तुम्ही स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होतात, गावाकडे नव्हे. सोळा वर्षांच्या मलाही ते समजलं. त्या दारातून आत गेला असतात तर घर बघावं लागलं असतं. जे लग्नाआधी बघायचं होतं ते.

मी बघितलं. कुरडयांचा डबा आणि आईने दिलेलं लुगडं घेऊन मी त्या अंगणात उभा होतो. घर वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. मातीच्या दोन खोल्या, एक उंट, चार शेळ्या. ताई चुलीपाशी होती. तोंडावर एवढा पदर ओढलेला की मी तिला हातावरच्या भाजल्याच्या जुन्या डागावरून ओळखलं. तिने पदर बोटभर वर केला आणि तिला रडू आलं, पण आवाज नाही. मग आपल्या बोलीत, भराभर, सासूला कळू नये असं म्हणाली, "कोना संगं आला रे? आई बरी हाये न? कदी निंगाचं? मी आत्ता निंगतो, मले काईच नाई घ्याचं." तिच्या जिभेवर आपली बोली जशीच्या तशी होती. नवरा शेतात होता. सासरा बाजेवर बसला होता. त्याने मला शेजारी बसवलं, ताक दिलं.

त्यानंतर मी परत आलो. तुम्ही टाक्याच्या सावलीत बिडी ओढत होतात. मी म्हणालो, "नाई पाठवत म्हनतात." तुम्ही काही विचारलं नाहीत. बिडी विझवलीत, "बरं," म्हणालात आणि जीप वळवलीत. परतीला चारच दिवस लागले, वही मांडीवर उघडी होती आणि प्रत्येक वळणावर तुम्ही मला मुकाट्याने विचारलंत. घरी आईला सांगितलंत, "पाठवलं नाई त्यायनं." ती जीपच्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी तिने आखाजीला तो विषयच काढला नाही. त्याच्या पुढच्या थंडीत तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. ताई तेराव्याला नवऱ्याबरोबर आली, दोन दिवस राहिली. अंगणात माझ्याशेजारी बसून म्हणाली, "त्या उन्हाळ्यात बाबा सोता आले असते न, तं मी त्यायले भेटली असती." मी मान हलवली.

इथपर्यंत मी हे मनात शंभर वेळा लिहिलं आहे, आणि दर वेळी इथेच थांबलो आहे. राग इथपर्यंतच पुरतो.

ताक पिऊन झाल्यावर सासऱ्याने विचारलं होतं, "तेरा बाप नहीं आया?" ताई पदराआडून माझ्याकडे बघत होती. तुम्ही हाकेच्या अंतरावर बसून यायला तयार नाही, हे मला तिच्यासमोर सांगता येईना. मी म्हणालो, "नहीं. वो घर पे है. ड्रायव्हर के साथ आया." म्हाताऱ्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन खाली ठेवला. माणूस सरळ होता. म्हणाला, "छोरे के साथ बहू कैसे भेजूं? बाप को ले आ. बाप आकर मांगे, तो उसी दिन भेज दूंगा."

हे मी तुम्हाला सांगितलं नाही. टाक्यापर्यंतची सगळी वाट मी ठरवत होतो की सांगू, आणि जवळ आल्यावर तुमची पाठ दिसली आणि नाही सांगितलं. तुम्ही रिकाम्या हाताने परत जावं, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असतात की नसतात, मला माहीत नाही. मी विचारून बघितलं नाही. आईने तो उन्हाळा पुन्हा कधी काढला नाही, आणि तुम्ही त्या दिवशी टाक्यापाशीच होतात हे ताईलाही मी अजून सांगितलेलं नाही. ती दर रविवारी फोन करते.