आप्पांचा घास आणि माझी सिस्टिम

९ नोव्हेंबर, रविवार
आप्पांना दवाखान्यातून आणून चार दिवस. लकव्यानं उजवी बाजू गेलीय, जीभ जड. डॉक्टर म्हणाले, सरळ बसवा, मऊ भात, छोटा चमचा. घास श्वासनळीत गेला तर अवघड होईल. अवघड म्हणजे काय, ते विचारलं नाही.
बायको, रूपाली, म्हणते, तुम्ही भिता. भीत नाही. मला सिस्टिम लागते, एवढंच. ती शाळेसाठी सकाळच्या रेल्वेनं खानापूरला जाते, म्हणून दिवसभराची बाई बघायची.

१० नोव्हेंबर
वडगावच्या सत्यवतीबाई ठरल्या. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पंधरा हजार. निम्मे निपाणीची आक्का देणार. रीतसर इंटरव्ह्यू घेतला. बाईंनी एकच विचारलं, सुट्टी आपल्या रीतीनंच न्हवं? म्हटलं, अर्थात. प्रोफेशनल माणसांशी जास्त बोलावं लागत नाही.

११ नोव्हेंबर
भरवायला शिकण्यासाठी हाफ डे रजा. बाई म्हणाल्या, अण्णा, हितं बसून बघा. तेवढ्यात फोन. (मीच केला होता, पण अर्जंट होता.)

१३ नोव्हेंबर, सकाळ
आप्पांचा श्वास ऐकू येईना. नाकाशी बोट धरलं. त्यांनी डोळे उघडले. म्हटलं, माशी होती.
ऑक्सिमीटर आणला. आप्पांची नाडी ७६, माझी १२४. मशीन खराब आहे. बदलून घेणे.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज सुट्टी असून बाई आल्या! उगाच आठवण कशाला करून द्यायची? चांगलं वागवलं की माणूस जीव लावतो.
निश्चय: उद्यापासून एक वेळ मी भरवणार.

१७ नोव्हेंबर
उद्यापासून.

१८ नोव्हेंबर
भरवलं. पहिल्याच चमच्याला आप्पांना ठसका! मी चमच्यासकट बोळात पळालो, शेजारच्या शामूला ओरडून बोलावलं. तोवर बाईंनी आप्पांना पुढं वाकवून पाठ थोपटली. आप्पा बरे. शामूनं मलाच पाणी पाजलं. लिहिताना अक्षर वाकडंतिकडं येतंय. पेन बदलायला हवं.

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ७:४०
रूपाली गेली. बाई नाहीत. फोन केला. म्हणाल्या, आज अमुशा न्हवं का? मागाला सुट्टी, तशी आम्हालाबी. तुमच्यासारख्या विणकराच्या घरात हे सांगायचं व्हय?
आप्पांनी चाळीस वर्षं अमावास्येला माग लावला नाही. त्या दिवशी मला बाजारात न्यायचे. आणि मी माझ्या सोसायटीच्या ऑफिसचं कॅलेंडर, रविवारची सुट्टी, धरून बसलो!

८:३०
रूपालीचा फोन लागत नाही. शामूपण सुट्टी म्हणून बायकोपोरांना घेऊन सदलग्याला गेलाय.

९:१५
आप्पांनी पोटाकडं बोट केलं. म्हटलं, जरा थांबा.

१०:३०
भात तिसऱ्यांदा गरम केला. आप्पा बघतायत.

११:१०
स्वयंपाकघरात रडलो. भीती वाटते. लई भीती वाटते. माझ्या हातानं बाप मेला तर? रूपाली खरं बोलते.

१२:००
वाटी पुढ्यात ठेवली, चमचा काही उचलवेना. आप्पांनीच तो डाव्या हातानं ओढून घेतला. अरे देवा! हनुवटी खाली, सावकाश, एकेक घास. ठसका नाही.
दाराआडून बाईंना फोन. म्हणाल्या, आठवडा झाला की आप्पा आपल्या हातानं जेवत्यात. मी तुम्हाला बघा बघा म्हणत होते, तुम्ही फोनवर. आणि राग मानू नका अण्णा, तुम्ही तसलं भ्यालेलं तोंड करून समोर बसला की त्यांना धडकी भरते. मग ठसका लागतो.

१२:२०
आप्पांनी जड जिभेनं विचारलं, तू जेवलास व्हय रं? म्हटलं, न्हाय. उरलेला भात त्यांनी माझ्याकडं सरकवला.
पहिल्याच घासाला मला ठसका लागला. आप्पांनी डाव्या हातानं मला पुढं वाकवलं आणि थांबेपर्यंत पाठ थोपटत राहिले.