मेंढ्यांच्या पाठीवरून धावणारी पिप

प्रिय आई,

मी मजेत. तुझी कंबर कशी आहे?

मालक लॉकी परवा म्हणाला, "नेव्हिल, या दुखऱ्या गुडघ्यावर मेंढ्या कशा हाकणार? घरी जा बाबा." तेवढ्यात लोकर कातरायच्या शेडच्या दारात मेंढ्या दाटल्या, एक हलेना. मी शिट्टी मारली. आपली केल्पी जातीची कुत्री पिप त्यांच्या पाठींवरून थेट पुढच्या टोकाला गेली आणि भुंकत उलटी मागे आली, तशी तिला चुकवायला मेंढ्या पुढे निघाल्या आणि रांग सरकली. एकीलाही ओरखडा नाही, मी स्वतः तपासलं.

"हिलाच ठेवतो, तू जा!" लॉकी हसला.

"ठेव की. शिट्टी कोण मारणार?"

आम्हा दोघांनाही हंगामभर ठेवलंय. संध्याकाळी पबमध्ये आधी पिपला पाणी मिळालं, मग मला बिअर.

गुडघ्याची काळजी करू नकोस. शिट्टी तोंडानं मारतात.

तुझाच,
नेव्हिल