शेळीचा गर्भपात

हिंगोली, मंगळवार, संध्याकाळ

फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस घडवणाऱ्या, कॉलेजात बातमीसाठी गेलो आणि संशय घेऊन निघालो. शेळ्यांपासून माणसाला ताप येतो का, यावर आरती नावाची विद्यार्थिनी संशोधन करते. शिरड शहापूर गावात तिनं घरोघर फॉर्म भरून घेतलेत. 'शेळीचा गर्भपात झाला होता का?' उत्तर सगळीकडे 'नाही'. एकाही घरी नाही? तिच्या मार्गदर्शक मॅडमना मी हळूच म्हणालो, "झाडाखाली बसून भरले की काय?" त्यांनी पोरीचा प्रबंध तिथंच बाजूला ठेवला.

आरतीनं मला बाहेर गाठलं. "काका, तुमीच चला, विचारा."

गेलो. पहिल्याच दारात म्हातारीला प्रश्न वाचून दाखवला, तर ती भडकली.

"काहून रे बाबा? आमच्या घरी असली पापं न्हाई होत!"

"शेळीचं विचारून राहिलो, मावशी."

"मंग गाभडली म्हण की! दोन गाभडल्या औंदा. शिकलेला दिसतो, अन् बोलता येईना."

आरती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या मूळ फॉर्मात 'गाभडली' असंच होतं. महिन्यापूर्वी मॅडमनी भाषा तपासायला तो माझ्याकडे दिला होता, आणि ग्राम्य म्हणून तो शब्द खोडून मीच 'गर्भपात' लिहिलं होतं. सकाळी कॉलेजात माझ्या त्याच वाक्याकडे मी कौतुकानं पाहत होतो! संशय मात्र पोरीवर. काय म्हणावं?

आताच मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. प्रबंध पुन्हा उघडतील. पण सगळी घरं नव्यानं विचारायची. उद्या मीही जाणार आहे. प्रश्न आरती विचारेल, मी फॉर्म धरेन.