चिनी भाषेतली चोंबडी

प्रिय आत्याबाई,

कंपनीतून आले ती थेट लिहायलाच बसले. चपला दारात उलट्यापालट्या पडल्यात, पडू द्या! तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा न्हाई. जन्मभर तुम्ही जे केलंत ना, त्याला चिनी भाषेतसुद्धा नाव हाय!

दिघीत सगळी आळी तुम्हाला चोंबडी म्हणायची आणि मला चोंबडीची सून. किती राग यायचा! कुणाच्या घरात भांडं आपटलं की तुम्ही निघालात. माझ्या आमटीत मीठ तर तुमच्याच हातानं पडायचं. का हो असं करायचात? तुम्ही गेल्यापासून आमटी खारट झाली तरी कुणी बोलत न्हाई.

आपल्या खोलीतली ती भाडेकरीण आठवते? नवरा मारायला उठला, तशा तुम्ही मेथीची जुडी घेऊन त्यांच्या उंबऱ्यात बसलात. तो ओरडला, "म्हातारे, तुला काय करायचंय?"

"काय न्हाई रं, भाजी निवडती."

त्याचा हात खाली येईपर्यंत निवडत बसलात!

आता आजचं ऐका. चाकणला मी फरशी पुसते त्या कंपनीत कोमल म्हणून पोर हाय. पोटुशी, तरी लाइनवर दिवसभर उभी. आज भोवळ येऊन माझ्याच अंगावर कलंडली. मी कँटीनमधून स्टूल आणलं, तिला बसवलं. लगेच सुपरवायझर स्टूल काढायला आला.

"मावशी, तुमचं काम झाडूपोछा. लाइनीत कशाला नाक खुपसता?"

मी पोछा बुडवला आणि कोमलभोवती गोल फरशी ओली केली. "काय न्हाई साहेब, फरशी पुसती. ओल्यात पाय टाकू नका, आपटाल!"

तेवढ्यात मशिनी बसवायला आलेले चिनी साहेब तिथं आले. हसून कायतरी बोलले. त्यांची दुभाषी पोरगी म्हणाली, "साहेब म्हणतात, कुत्रा उंदीर धरतोय."

मी भडकलेच! "मला कुत्रा म्हणतो?"

"अहो मावशी, उंदीर धरणं मांजराचं काम ना? दुसऱ्याच्या कामात लुडबुड केली की त्यांच्यात असं म्हणतात."

"मग विचार त्यांना, मांजर झोपलं असंल तर कुत्र्यानं नुसतं शेपूट हलवायचं?"

तिनं सांगितलं. साहेब हसायचे थांबले आणि सुपरवायझरकडं बघत राहिले. त्यानं मान खाली घातली. स्टूल राहिलं, आत्याबाई! कोमल बसून काम करायला लागली!

उद्या स्टूल जागेवर नसलं, तर माझी बादली भरलेली हाय. तिचं बाळंतपण होईस्तोवर तिथली फरशी मी वाळू देणार न्हाई. शब्द हाय तुम्हाला.

तुमची,
चोंबडीची सून... न्हाई, आता नुसतीच चोंबडी,
मंदा