बाटलीवरचं नाव

प्रिय ड्वेन,

नर्सनं डॉक्टर-डॉक्टर खेळू नये, असं तू फोनवर लोर्नाला सुनावलंस म्हणे, आणि वर हसलास. हस बाबा. तिकडं लेक्सिंग्टनला गार खोलीत बसून हसायला तुझं काय जातंय!

वॉशिंग्टनवाल्यांनी नवा कायदा केला, सगळ्यांना विम्याची कार्डं दिली. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या मलासुद्धा मिळालं. कार्ड आहे, डॉक्टर कुठाय? तुझ्यासारखा एकही डोंगर ओलांडून या खोऱ्यात यायला तयार नाही. आली ती लोर्ना. नर्सच, पण पुढचं शिकलेली. तपासते, औषध लिहून देते. तोंडाची फाटकी आहे. आमच्याच ओट्यावर सिगरेट ओढत मलाच ओरडते, "वर्लीन, घेवड्यात डुकराची चरबी ओतणं बंद कर, नाहीतर आईच्या आधी तुलाच पोचवावं लागेल!" पण येते. तू ईस्टरला आलास, तर बुटाला चिखल लागेल म्हणून गाडीतनं उतरेनास.

तिनं औषध लिहायचं तर मागं एका डॉक्टरची सही पाहिजे, असा आपल्या राज्याचा नियम. ती सही तुझी. आमच्या वाट्याला तुझं डॉक्टरपण आलं ते एवढंच, आणि आता तेही काढून घेतोस. का, तर तुम्हा मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं, नर्सांना मोकळं सोडायचं नाही. जेवण चांगलं असणार बैठकीत.

आता आईचं ऐक. औषधवाला गोळ्यांच्या बाटलीवर लोर्नाच्या नावाखाली तुझंही नाव छापतो. आईला लोर्नाचं नाव दिसतच नाही. रिकाम्या बाटल्या धुऊन तिनं खिडकीत मांडल्यात. येईल त्याला दाखवते, "माझा ड्वेन तिकडनं माझं काळीज सांभाळतो." लोर्ना तिथंच आईच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधत असते. म्हणते, "हो तर म्हातारे, साहेबच तो माझा!" मी दातओठ खात भांडी आपटते.

हातातली बाटली सोमवारी संपते. दुसऱ्या कुणाच्या नावाची गोळी ती तोंडात घालायची नाही. तिचा हट्ट तुला ठाऊक आहे, तोच तर उचललायस तू. मी लोर्नाशी भांडेन, तुझ्याशी भांडेन, पण आईला हे सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले. शुक्रवारपर्यंत सही कर. नाहीतर शुक्रवारी तिला फोन लाव आणि तुझ्या तोंडानं सांग, की त्या खिडकीतल्या एकाही बाटलीत तू कधी नव्हतास.

काय करतोस ते शुक्रवारच्या आत कळव.

नाइलाजानं का होईना, तुझीच बहीण,
वर्लीन