माझी बत्तीस

७ नोव्हेंबर, शिरूर

आचारसंहिता लागली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी : परवानाधारकांनी आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावीत. वाचलं आणि उठून शर्ट घालायला लागलो. अर्धी बटणं लावून झाल्यावर आठवलं, जमा करायला आहे काय माझ्याकडे? बत्तीस विकून पंचवीस वर्षं होऊन गेली.

सूनबाई म्हणाली, "पप्पा, कुठे निघालात? परत बिबट्या दिसलाय उसाकडे." म्हटलं, कुठे नाही, पायमोजे शोधतोय. शर्टाला पायमोजे! तिनं काही विचारलं नाही. भली आहे.

८ नोव्हें.

कालपासून यवत ठाण्यातला तो बाक डोक्यातून जात नाही. दर निवडणुकीला व्हरांड्यात सगळे बंदूकवाले जमायचे. बागायतदार, एक पंपवाला, कारखान्यातले दोघं-तिघं. आणि मी, वरवंडच्या भीमनगरचा किसन, फौजेतून हवालदार होऊन आलेला. पहिल्या खेपेला मी कोपऱ्यात उभाच राहिलो. ठाणे अंमलदार म्हणाला, "बसा की. लायसन हाय न्हवं तुमच्याकडं?" तेव्हा आमच्या गावचे, वाड्यावरचे आप्पा बाकावर सरकले. त्यांचे वडील मला मरेपर्यंत 'किशा' म्हणत आले. आप्पा सरकले, मी बसलो, चहा आला. सगळ्यांना एकाच ट्रेमधून, एकसारख्या कपात.

त्या दिवसापासून आप्पा मला 'हवालदार' म्हणायला लागले. सरहद्दीवर एवढी वर्षं काढून जे झालं नाही ते सहा गोळ्यांच्या एका लोखंडानं केलं. लिहितानाही राग येतो. पण आवडायचं मला. निवडणुकीची वाट बघायचो मी, मत द्यायला नाही, त्या बाकावर बसायला.

९ नोव्हें.

बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. पहिलं आणि शेवटचं. मळ्याच्या पाण्यावरून दोनदा मार खाल्ला, मग अर्ज केला. अर्जात कारण : जीविताचे रक्षण. कुणावर रोखली नाही कधी. शर्टाखाली कमरेला असायची, आणि लोकांना ती आहे एवढं ठाऊक असायचं. पाण्याची पाळी माझी मला मिळायला लागली. रविवारी दुपारी तेल-पाणी. बायकोच्या, क.च्या जुन्या पातळाची चिंधी, नळीतून दोनदा, मग उजेडाला धरून बघायचं. तो तेलाचा वास अजून

पोरानं, मिलिंदनं हाक मारली. नळ दुरुस्तीवाला आला होता.

१२ नोव्हें.

समन्स आलं. पोलीस दारात बघून सूनबाईचा चेहरा उतरला. दोन वर्षं या वहीत जे लिहायचं टाळलं ते आता लिहावं लागणार.

आप्पांचा नातू अभि. त्याची गाडी चालवायचा सुरज, आमच्या भीमनगरचा, मंगलचा एकुलता एक. मळ्यातल्या बंगल्यावर गोळी सुटली आणि सुरज जागेवर गेला. बंगल्यात तेव्हा दोघंच होते. अभि म्हणतो, दाखवायला कपाटातून काढली होती, आपोआप उडाली. सरकार म्हणतं, भांडण झालं आणि झाडली. हत्यार आप्पांच्या नावावरचं. आप्पांनी ते माझ्याकडून घेतलेलं.

म्हणजे माझी बत्तीस.

अभिच्या वकिलानं मला साक्षीला मागवलंय. का ते मला ठाऊक आहे. अख्ख्या भीमनगराला ठाऊक आहे.

१३ नोव्हें.

आमची पोरगी वैशू चार वर्षांची होती. रविवार. मी पुसायला बसलेलो, क. समोर तांदूळ निवडत होती. (कमल. पूर्ण नाव लिहिलं की हात थांबतो, म्हणून क.) गोळ्या काढल्या होत्या. एक राहिली होती. आवाज झाला. माझ्या फौजेतल्या काळ्या पेटीला भोक पडलं, पेटीच्या पलीकडे वैशू बाहुली घेऊन बसलेली. गोळी आतल्या ब्लँकेटात अडकली. पोरीला खरचटलंही नाही.

क. उठली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे : "आपोआप उडालं. म्या बघितलं. तुमचं बोट न्हवतं." शेजारणी धावत आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. मरेपर्यंत तेच सांगत राहिली. मी विचार करकरून दमलो. बोट कुठे होतं ते मला आठवत नाही. खरंच नाही.

आठ दिवसांत क. म्हणाली, घरात ते राहील नाहीतर मी. आप्पांना सगळं सांगून विकली. आप्पा हसले. म्हणाले, "बायकांचं काय ऐकता, हवालदार."

१६ नोव्हें.

आप्पा आले होते. चार जिने चढून, काठी टेकत. दारातच म्हणाले, "हवालदार, बसू का?" पलंगावर मी सरकलो. सरकताना कळलं मी काय करतोय.

आप्पा : "तुमच्या मंडळींनी सगळ्या गावाला सांगितलं हुतं का न्हाई? आपोआप उडलं म्हनून? तेवढंच कोर्टात सांगा. जास्तीचं कायबी नगं. पोरगं आत सडतंय."

म्हटलं, तपासणीचा रिपोर्ट म्हणतो हत्यारात दोष नाही.

"रिपोर्टाचं मरू द्या. तुमी फौजी मानूस. तुमच्या शब्दाला वजन हाय."

माझ्या शब्दाला वजन. आप्पांच्या तोंडून. हे ऐकायला मी किती वर्षं... आणि आलं ते असं आलं. चहा अर्धा टाकून गेले. उतरताना दर पायरीला थांबत होते. वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

१७ नोव्हें.

पेटी उघडली. मिलिंद कधीचा भंगारात घाला म्हणतोय. भोक एम-सीलनं बुजवलंय. तळाला बत्तीसचं चामडी कव्हर, दौंडला शिवून घेतलेलं. त्यात हात घातला. आतून अजून तिच्याच आकाराचं आहे. नाकाशी धरलं. तेल नाही, बुरशीचा वास. तरी बराच वेळ धरून बसलो.

लाज वाटते, पण लिहितो. समन्स वाचल्यावर सगळ्यात आधी काय मनात आलं? सुरज नाही. मंगल नाही. मनात आलं : ती परत बघायला मिळेल.

२१ नोव्हें.

वरवंडला जाऊन आलो. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून जीपनं. विहारापाशी पोरं बसली होती, मला बघून गप्प झाली. एक जण म्हणाला, "तात्या, कुणाकडं आलाव? वाड्यावर का वस्तीवर?" नुसतं बघितलं त्याच्याकडे. पूर्वी एवढं पुरायचं. आता पोरगं हसलं.

मंगल कांद्याच्या खुरपणीवरून आली. हात न धुताच बसली. सुरजचा फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, ड्रायव्हरच्या सीटवरचा, गॉगल लावलेला.

"तात्या, म्या तुमाला कायबी सांगनार न्हाई. कमलाक्काचा माज्यावर लई जीव हुता. तिला खोटं पाडा आसं म्या कसं म्हनू? पर ती गोळी आपली आपनच गेली आसंल, तर म्या कुनावर रडू?"

निघताना तिनं पिशवीत कांदे घातले. घेऊन आलो.

२३ नोव्हें.

वैशूचा फोन, पुण्याहून. मिलिंदनं सांगितलं असणार तिला. "पप्पा, आई जे सांगायची तेच सांगा आणि मोकळे व्हा. आई खोटं कशाला बोलेल?" मग म्हणाली, "मला काही आठवत नाही त्यातलं. फक्त तुम्ही रडत होता ते आठवतं."

मी रडलो होतो? हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२ डिसें.

मतदान करून आलो. बोटाला शाई.

वकील फोनवर : "एकच प्रश्न विचारणार, काका. तुमच्याकडे असताना हे हत्यार कधी आपोआप उडालं होतं का? हो म्हणायचं. सरकारी वकील फाटे फोडेल, तुम्ही बायकोचं सांगायचं. बस."

हो म्हटलं तर माझी बत्तीस भंगार होती. जिच्यामुळे मी बाकावर बसलो ती खराब लोखंडाची होती, आणि सुरज अपघातात गेला, कुणाचा दोष नाही. नाही म्हटलं तर क. खोटी. आणि वैशूवर गोळी झाडणारा मी. मधलं काही सापडत नाही. आज जेवण गेलं नाही. सूनबाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. नाही बरं.

१० डिसें.

कोर्ट झालं. बारामतीहून रात्री नऊला आलो. चहा घेऊन लिहायला बसलोय.

मुद्देमालाचं पाकीट फोडलं. ती निघाली. दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. रंग उडालेला, दस्त्याचं लाकूड एका बाजूला चिरलेलं. पुसलेली नाही कुणी कित्येक वर्षांत. एवढी वाईट अवस्था बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भर कोर्टात. लोकांना वाटलं असेल सुरजसाठी आलं. देवाशपथ नव्हे, खरं सांगतो, तिच्यासाठी आलं. माझी मलाच शिसारी आली.

वकील म्हणाला, "हातात घेऊन बघा. हेच का?" घेतली. वजन तेच. उघडून बघितली, रिकामी, परत मिटली. सगळं हातानं आपलं आपण केलं, मला काही आठवावं लागलं नाही. म्हटलं, "हीच."

तेवढ्यात शेजारचा पोलीस हळू आवाजात म्हणाला, "हवालदार, बोट."

खाली बघितलं. बोट चापावर होतं. नुसतं टेकलेलं नाही, ओढायच्या बेतात, पेर वाकलेलं. मी ठेवलं नव्हतं. कधी गेलं ते मला कळलं नाही. फौजेत इतक्या रिक्रुटांना शिकवलं, बोट बाहेर, बोट बाहेर, ज्याचं आत दिसेल त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. आणि नळी कुठे होती? समोरच्या बाकाकडे. त्या बाकावर मंगल.

पोलिसानं ती काढून घेतली. जज मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मग वकिलानं तो प्रश्न विचारला. तुमच्याकडे असताना. कधी आपोआप. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. पाणी दिलं कुणीतरी. मॅडम म्हणाल्या, जेवणानंतर घेऊ. जेवणानंतर दुसऱ्या खटल्याचे युक्तिवाद लांबत गेले. पुढची तारीख पडली, ६ जानेवारी.

११ डिसें.

क., तू बघितलं होतंस.

तू समोर बसली होतीस, तांदळाचं ताट मांडीवर. तुझं लक्ष नेहमी माझ्या हाताकडे असायचं, तुला ती आवडायची नाही म्हणून. माझं बोट तू बघितलंस. आणि आवाजानंतर मी पेटीकडे धावलो, पोरीला उचललं, आणि रडायला लागलो असेन. तेव्हा तू माझ्याकडे बघून ठरवलंस. एका क्षणात. तुमचं बोट नव्हतं. आधी मला सांगितलंस, मग सगळ्या वस्तीला, म्हणजे मलाही कधी उलटं म्हणता येऊ नये.

मी आपला बत्तीसवर रुसलो आणि बत्तीससाठी झुरलो. तुझ्यासाठी कधी एवढं केलं नाही.

आज दुपारी कव्हर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. संध्याकाळी सूनबाईनं बाहेर काढून पुसून ठेवलं, "पप्पा, चुकून पडलं वाटतं." म्हटलं, हो.

१२ डिसें.

परवाचं एक लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, धीर झाला नाही.

बारामती स्टँडवर मंगल बाकावर बसली होती. मी लांब उभा राहिलो. तिनंच पिशवी उचलून जागा केली. बसलो. गाडीला वेळ होता. तिनं माझा उजवा हात धरून उताणा केला, आणि बोट बघितलं. शाईचा डाग डाव्या बोटाला, हे कोरं.

"तात्या, नळी माज्याकडं हुती."

म्हटलं, रिकामी होती मंगल, मी बघितली होती.

"रिकामी हुती ते मला म्हाईत न्हवतं." मग : "तुमाला कळलंच न्हाई, व्हय? बोट गेल्यालं?"

"न्हाई कळलं."

तिनं हात माझ्या मांडीवर ठेवून दिला. समोर दौंडची गाडी लागली होती, लोक चढत होते. ती उठली नाही.

"मग त्या अभिला तरी कळलं आसंल का, तात्या?"

गाडी सुटली. पुढच्या गाडीनं ती वरवंडला गेली, मी शिरूरला आलो.

सहा तारखेला वकील तोच प्रश्न परत विचारणार. मंगल तिथेच बसलेली असेल, समोरच्या बाकावर.